साधा कॅमेरा आणि उजेडाचा हिशेब

साधा डिजिटल कॅमेरा घेताना दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती मेगापिक्सेलचा?" खरं तर 6 बाय 4 इंचांच्या नेहमीच्या प्रिंटला, इंचाला 300 ठिपके धरले तरी, जेमतेम 22 लाख पिक्सेल पुरतात. म्हणजे 16 किंवा 20 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चणचण आकड्याची नसते, उजेडाची असते. अशा बहुतेक कॅमेऱ्यांतला उजेड टिपणारा सेन्सर सुमारे 6 मिलिमीटर रुंद आणि 4.5 मिलिमीटर उंच, करंगळीच्या नखाहूनही लहान. महागड्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा 36 बाय 24 मिलिमीटरचा, क्षेत्रफळाने जवळजवळ तीसपट! त्यामुळे संध्याकाळी घरात ट्यूबलाइटखाली स्वस्त कॅमेरा आपोआप आयएसओ, म्हणजे उजेडाबाबतची संवेदनशीलता, वाढवतो आणि चेहऱ्यावर रवाळ ठिपके उमटतात. तोच चेहरा दुपारी खिडकीशी, आयएसओ 100 वर टिपला तर चित्र स्वच्छ येतं.

कुणी म्हणेल, फ्लॅश आहे की! आहे, पण त्याचा पल्ला साधारण तीनेक मीटरचा. लग्नाच्या हॉलमध्ये मागच्या रांगेतून तो उडवणं म्हणजे निव्वळ बॅटरीची नासाडी. मग मोबाइल काय वाईट, हा आक्षेप मात्र अर्धा मान्य करायला हवा, कारण अंधारात मोबाइल अनेक फ्रेम जोडून चित्र सावरतो. पण झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी टिपायचा, तर आठपट ऑप्टिकल झूमचा साधा कॅमेराही कामाला येतो. तिथे भिंगंच सरकतात. डिजिटल झूम मेनूत जाऊन बंदच ठेवावा, तो नुसतं चित्र कापून ताणतो. आणि बटण आधी अर्धं दाबून फोकसची चौकट हिरवी होऊ द्यावी, मगच पूर्ण दाबावं.