भटारखान्यात जन्मलेली साखळी

आजची सकाळची गर्दी घरच्यांवर सोपवून इथवर आलेल्या माझ्या व्यवसायबंधू-भगिनींनो,

आपल्यापैकी बरेच जण दुसरी-तिसरी शाखा काढायच्या विचारात आहेत. म्हणून आज मॅकडोनाल्ड्सबद्दल बोलतो. ही गोष्ट बहुधा साखळी वाढवणाऱ्या रे क्रॉकपासून सांगतात. माझ्या मते ती त्याच्या आधी, भटारखान्यात सुरू होते.

डिक आणि मॅक या मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४० साली कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोला उपाहारगृह काढलं. गिऱ्हाइकं गाडीतच बसायची, मुली तिथं खाणं नेऊन द्यायच्या. धंदा उत्तम चालला होता. तरी १९४८ मध्ये या भावांनी ते तीन महिने बंद ठेवलं. विक्रीतला मोठा वाटा एकट्या हॅम्बर्गरचा आहे, हे त्यांनी हिशेबात हेरलं होतं. पुन्हा दार उघडलं तेव्हा यादीत नऊच पदार्थ होते. ताटल्या गेल्या, कागदी वेष्टन आलं. वाढणाऱ्या मुली गेल्या, गिऱ्हाईक खिडकीशी येऊ लागलं. हॅम्बर्गरची किंमत तीस सेंटांवरून पंधरावर आली. चालत्या धंद्याला कुलूप लावायला केवढी छाती लागते, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको!

पुढे नव्या इमारतीतला भटारखाना आखताना त्यांनी घरच्या टेनिस कोर्टावर कामगारांना बोलावलं. शेगडी नाही, पाव नाही. तरी प्रत्येकानं आपलं काम हुबेहूब करून दाखवायचं. कोण कुठं वळतो, कुणाची कुणाला आडकाठी होते ते पाहत भाऊ खडूनं यंत्रांच्या जागा आखत गेले. साखळीचा पाया मला या खडूच्या रेघांमध्ये दिसतो.

क्रॉक मिल्कशेकची यंत्रं विकायचा. एकाच दुकानाला अशी आठ यंत्रं कशाला लागतात, हे बघायला तो १९५४ मध्ये तिथं गेला आणि फ्रँचायझीचे हक्क घेऊन आला. १९५५ साली इलिनॉयमधल्या डेस प्लेन्सला त्यानं आपली पहिली शाखा उघडली. शाखांकडून विक्रीच्या १.९ टक्के मिळत, त्यातला अर्धा टक्का भावांचा. एवढ्यात कंपनी तगणं अवघड होतं. क्रॉकचे सहकारी हॅरी सोनबॉर्न यांनी तोड काढली: जागा कंपनीनं घ्यायची आणि शाखाचालकाला भाड्यानं द्यायची. साखळी फोफावली ती या भाड्याच्या जोरावर. १९६१ मध्ये क्रॉकनं सत्तावीस लाख डॉलर मोजून भावांचे सगळे हक्क विकत घेतले. मूळ दुकानावरचं स्वतःचं नावही त्यांना उतरवावं लागलं. क्रॉकच्या कर्तृत्वाबद्दल मला आदर आहे, पण हे मला अन्यायाचं वाटतं.

आणखी एका बाबीबद्दल आपण फारसं बोलत नाही. फिले-ओ-फिश हा माशाचा बर्गर सिनसिनाटीच्या लू ग्रोएन यांचा. त्यांच्या भागात कॅथलिक वस्ती मोठी, शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून त्यांनी मासा आणला. बिग मॅक पेनसिल्व्हेनियातल्या जिम डेलिगाटी यांचा. दोघेही शाखाचालक! गिऱ्हाइकाची जीभ मुख्य कचेरीच्या आधी त्यांना कळली. १९९६ मध्ये ही साखळी दिल्ली-मुंबईत आली, तीही गोमांस वगळूनच.

माझी विनंती एवढीच आहे. शाखा देण्याआधी आपल्या भटारखान्यातली प्रत्येक कृती, प्रत्येक माप कागदावर उतरवा. आणि शाखाचालकाशी करार कराल तेव्हा नवा पदार्थ सुचवण्याचा त्याचा हक्क आणि त्या पदार्थावर त्याचं नाव, ही दोन कलमं त्यात आवर्जून घाला.