घामाचे दाम वाचून घ्या

(छत्रपती संभाजीनगर येथे पुंडलिकनगरातील साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचे कोणी ना कोणी शहरात कामाला आहे. कोणी रस्ता झाडतो, कोणी कचऱ्याच्या गाडीवर आहे. 2018 साली नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहरात ढीग साचले. कचरा उचलणाऱ्या हातांची किंमत तेव्हा सर्वांना कळली. पण त्या हातांवर महिन्याला पडते काय?

पालिकेचे काम दोन प्रकारचे लोक करतात. एक कायम नोकर. त्यांचा पगार वेतन आयोगाप्रमाणे ठरतो. दुसरे ठेकेदाराकडचे. त्यांना आधार किमान वेतनाचा.

किमान वेतन म्हणजे काय? ज्याच्या खाली मजुरी देता येत नाही, ती शेवटची पायरी. ती सरकार ठरवते. यासाठी 1948 साली कायदा झाला. त्याच्या जागी आता 2019 चा वेतन कायदा आहे. तो 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाला. पायरी मात्र मोडलेली नाही.

ही पायरी एका जागी राहत नाही. पाच वर्षांच्या आत सरकारने दर पुन्हा तपासावेत, असे कायदा सांगतो. शिवाय तेल, डाळ महागली की महागाई भत्ता वाढतो. महाराष्ट्रात वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, हा भत्ता ठरवण्याची रीत चालत आली आहे.

मग घोडे अडते कुठे? ठेका एकदा ठरतो आणि पुढे दोन-तीन वर्षे चालतो. मधेच दर वाढला की ठेकेदार म्हणतो, "वरून पैसे वाढवून आले नाहीत." वरचे म्हणतात, "ठेकेदाराला विचारा." मजूर मधल्या मधे हेलपाटे घालतो.

आपल्या ओळखीच्या एक मावशी एका ठेकेदाराकडे झाडकाम करतात. पूर्वी अंगठा देत. मग अक्षरे शिकल्या. एके दिवशी पगाराची चिठ्ठी घेऊन आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, अंगठा देत होते तवर बरं होतं. आता वाचता येतंय, तर झोप लागंना." चिठ्ठीवर दर नवा होता. हातात पैसे जुन्या दराने पडले होते.

आपण हिशोब करून पाहू. समजा, दर 500 रुपये आहे आणि मिळतात 400. दिवसाला 100 बुडाले. 26 दिवसांचे 2,600 झाले. वर्षाचे 31,200. एवढ्यात पोराचे शिक्षण होईल की नाही?

मावशींना भीती होती. "उद्यापासून येऊ नका म्हणाले तर?" भीती खोटी नव्हती. म्हणून त्या एकट्या गेल्या नाहीत. बरोबरच्या अकरा जणींनी मिळून सरकारी कामगार कार्यालयात अर्ज दिला. मागच्या फरकाचा निकाल अजून लागायचा आहे. पण नवा दर हातात पडू लागला.

कायदा तुमच्या बाजूला आहे, हे ध्यानात ठेवा. कमी मजुरी घेईन, असे लिहून घेतले तरी ते लिखाण रद्द ठरते. ठेकेदाराने पैसे दिले नाहीत, तर ज्याचे काम आहे त्याच्यावर ते देण्याची जबाबदारी येते. तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणे ही वेठ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले.

तेव्हा एवढे करा. पगाराची चिठ्ठी मागून घ्या. तिच्यावर दिवस, दर, भत्ता आणि कपात पाहा. हातात आलेले पैसे मोजा. रक्कम जुळली तरच सही करा. जुळली नाही, तर गप्प बसू नका आणि एकटेही जाऊ नका.

सरकार दर वाढवते कागदावर. तो कागद तुम्ही वाचाल, तेव्हाच वाढ तुमच्या घरी येईल.