गोठ्यातील वांझपण : दैव नव्हे, रोग



आम्ही पशुवैद्य नव्हे. सारा जन्म खडू-फळ्याजवळ गेला. परंतु अमरावती-अकोल्याकडील आपल्या बहुतेक घरांचा संसार कपाशी आणि गोठा या दोन चाकांवर चालतो. म्हणून आज गोठ्याविषयी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा घेतो.

कपाशीचा पैसा हंगामाला येतो, दुधाचा रोज येतो. गाय वारंवार उलटू लागली किंवा म्हैस गाभडली की तो आटतो. गाईचा माज साधारणपणे २१ दिवसांनी येतो. एक माज वाया गेला की तितक्या दिवसांची ढेप व कुटार व्यर्थ जाते. म्हशीचा माज तर उन्हाळ्यात पुष्कळदा मुका असतो. अशा वेळी आपण नवस बोलतो, जनावरास वांझ ठरवितो. वास्तविक कारण बहुधा आहारात अथवा रोगात असते.

पहिला शत्रू जंत. वगारीच्या पोटात काही जंत आईच्या दुधातूनच जातात. म्हणून जन्मानंतर १० ते १६ दिवसांच्या आत पहिले जंतनाशक द्यावे असे शास्त्र सांगते. जंतांनी खंगलेली वगार उशिरा माजावर येते. दुसरा जंत पानासारखा चपटा असून यकृतात राहतो. त्याची वाढ डबक्यातील गोगलगायीत होते व तेथून तो काठच्या ओल्या गवतावर बसतो. जबड्याखाली सूज दिसताच शेण तपासून घ्यावे. गाभण जनावरास मात्र विचारल्यावाचून औषध देऊ नये. काही जंतनाशके गर्भास अपायकारक असतात.

तिसरा परजीवी डोळ्यांना न दिसणारा, एकपेशीय. तो वळूच्या जननेंद्रियात राहतो. वळू धडधाकट दिसतो, परंतु त्याच्यापासून फळलेल्या गाई उलटतात किंवा पहिल्या काही महिन्यांतच गाभडतात. तपासलेल्या वळूचे वीर्य वापरून केलेले कृत्रिम रेतन हा यावरील उत्तम उपाय होय.

याहून भयंकर तो सांसर्गिक गर्भपात, ज्यास ब्रुसेलोसिस म्हणतात. हा जंत नव्हे, जिवाणू आहे. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली माल्टा बेटावर रोगी सैनिकांत तो शोधला. यात जनावर पाचव्या महिन्यानंतर गाभडते व वार अडकते. ती वार उघड्या हातांनी काढणाऱ्यास, तसेच कच्चे दूध पिणाऱ्यास हाच रोग जडतो; ताप येतो-जातो, सांधे धरतात. म्हणून हातमोजे घालावे, वार व मृत गर्भ चुना टाकून खोल पुरावा, दूध उकळूनच प्यावे. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-वगारींना एकदा लस टोचून घ्यावी. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या लसीची योजना आहे.

आता एक कटु गोष्ट सांगतो. जनावर गाभडले की आपण ती वार्ता लपवितो आणि पुढच्या बाजारी ते विकून मोकळे होतो. घेणारा कोण? बहुधा आपल्यासारखाच एखादा गरीब शेतकरी, कदाचित आपलाच सोयरा. पैसे मोजून तो आपल्या गोठ्यात रोग नेतो. त्याच्या घरची माउली तीच वार हाताने उचलते. हा व्यवहार नव्हे, हा अधर्म होय. जनावर विकण्यापूर्वी त्याचे रक्त तपासावे व घेणाऱ्यास सत्य सांगावे. नवे जनावर आणणाऱ्यानेही प्रथम तपासणी करून मगच ते कळपात सोडावे.

अकोल्यासच स्नातकोत्तर पशुवैद्यकीय व पशुविज्ञान संस्था आहे. तालुक्यांतून सरकारी दवाखाने आहेत. ज्ञान दाराशी असता अज्ञानात राहणे आपणास शोभत नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक घराने आपल्या जनावरांची एकवार तपासणी करून घ्यावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.