सुकाणू जड का होते? : जुन्या वाहनाच्या दोषनिदानाचा क्रम
(व्याख्यानाचा मजकूर)



संतपूर हे बिदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातील गाव. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बिदर तत्कालीन म्हैसूर राज्यात, तर उदगीर व देगलूर मुंबई राज्यात गेले. परंतु बाजार, सोयरीक आणि दवाखाना यांच्या निमित्ताने होणारे येणे-जाणे थांबले नाही. पावसाळ्यातील चिकट काळी माती आणि उन्हाळ्यातील धूळ सोसत जुनी वाहने या भागात वर्षानुवर्षे राबतात. अशा वाहनाचे सुकाणू, म्हणजे स्टेअरिंग, जड होऊ लागले की पंप निकामी झाला असे समजून खर्च केला जातो. खरा दोष पुष्कळदा चाकातील हवेत किंवा सैल पट्ट्यात असतो. म्हणून निदान स्वस्त कारणाकडून महाग कारणाकडे करावे, हे पहिले सूत्र होय.

अमेरिकेतील अभियंते फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ मध्ये तेलाच्या दाबावर चालणाऱ्या सुकाणूचे प्रात्यक्षिक दाखविले. १९५१ मध्ये क्रायस्लर इंपीरियल या मोटारीतून ते विक्रीस आले. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेलास दाब देतो आणि चक्र वळताच एक झडप ते तेल योग्य बाजूस सोडते. चालकाचे श्रम त्यामुळे कमी होतात. मात्र चक्र आणि चाके यांचा यांत्रिक सांधा कायम असतो. म्हणून तेलाचे साहाय्य बंद पडले तरी गाडी वळते. केवळ जोर अधिक लागतो.

तपासणीचा आरंभ चाकांपासून करावा. टायर थंड असताना हवा मोजावी. हवा कमी असल्यास अथवा ठरल्यापेक्षा रुंद टायर बसविले असल्यास सुकाणू जड होते. नंतर तेलाच्या टाकीचे झाकण उघडावे. पातळी खाली गेली असल्यास गळती शोधावी. जेथे तेल झिरपते तेथे धूळ चिकटून काळा थर बसतो. तेलावर फेस असेल तर आत हवा शिरली आहे. तेल काळे पडून जळका वास येत असेल तर ते बदलावे. कोणते तेल घालावे हे झाकणावर किंवा वाहनाच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ब्रेकचे तेल त्यात कदापि घालू नये. त्याने रबरी सील फुगून खराब होतात.

यानंतर इंजिन बंद ठेवून पट्टा पाहावा. तो सैल, चकचकीत वा भेगाळलेला असल्यास वळताना किंचाळल्यासारखा आवाज येतो. गाडी जागच्या जागी वळविताना सुकाणू जड वाटते, पण इंजिनाची गती वाढविताच हलके होते, असे आढळल्यास पट्टा घसरत आहे किंवा पंप दुबळा झाला आहे.

येथवर दोष न सापडल्यास निर्णायक कसोटी घ्यावी. सपाट जागी, मागील चाकांना ठोकळे लावून, पुढील चाके जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवावीत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. इंजिन बंद ठेवून चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवावे. आतील तेलामुळे थोडा विरोध जाणवेल. परंतु चक्र अडखळले तर दोष यांत्रिक भागांत आहे. बॉल जॉइंट सुकलेले असतील, किंवा दांड्याचा सांधा गंजला असेल. हा सांधा बिघडल्यास चक्राच्या प्रत्येक फेरीत दोन वेळा अडकल्यासारखे वाटते. वळणानंतर चक्र आपोआप सरळ येत नसेल तर हे सांधे तपासून मग चाकांचे अलाइनमेंट पाहावे. चक्र मोकळे फिरले, पण इंजिन सुरू केल्यावरही साहाय्य मिळत नसेल, तर पंप व झडपेकडे वळावे. एकाच बाजूला जड असल्यास झडपेचा वा सुकाणूच्या पेटीतील सीलचा संशय घ्यावा. बिदरच्या पठारावर हिवाळ्याच्या पहाटे जड राहून गाडी तापल्यावर हलके होणारे सुकाणूही झिजलेल्या सीलची सूचना देते.

काही मोटारींत पंपाऐवजी विजेची मोटर असते. तेथे आधी बॅटरी, फ्यूज आणि फलकावरील सूचक दिवा पाहावा.

चक्र टोकापर्यंत वळवून काही सेकंदांहून अधिक काळ धरून ठेवू नये. तेलाचा दाब व उष्णता वाढून पंप झिजतो. चालत्या गाडीत सुकाणू एकाएकी जड झाल्यास किल्ली बंद करू नये. दोन्ही हातांनी चक्र घट्ट धरून, वेग कमी करीत गाडी कडेला घ्यावी. जड किंवा अडखळणाऱ्या सुकाणूची गाडी दुरुस्तीपूर्वी प्रवासी वा विद्यार्थी नेण्यास वापरू नये.

कार्यालयीन वाहनाच्या नोंदवहीत तेल कधी घातले, किती घातले आणि दोष केव्हा जाणवला हे लिहिण्याची शिस्त अधिकाऱ्यांनी लावावी. एका महिन्यात दोनदा तेल घालावे लागले, एवढी एक नोंदही गळती उघड करते. शिक्षकांना हाच विषय दाब आणि घर्षण यांच्या पाठात घेता येईल. गावातील वाहनमालकाने हा क्रम ध्यानी ठेवला, तर कारागिराकडे जाताना केवळ तक्रार न नेता दोष केव्हा, कोणत्या बाजूस व कोणत्या गतीला जाणवतो हे तो सांगू शकेल. त्याने पैसा वाचेल आणि रस्त्यावरील जीवही सुरक्षित राहतील.