थेंबभर हिस्टामिन

काचेच्या नळीत 37 अंश सेल्सियसचं क्षारयुक्त पाणी आणि त्यात दोऱ्यानं टांगलेला गिनीपिगच्या लहान आतड्याचा तुकडा. हिस्टामिन या रसायनाचा थेंब पडला, की तो काही क्षणांत आखडतो आणि काजळी धरलेल्या कागदावर सुई सर्रकन वर चढते. फार्मसीच्या जुन्या विद्यार्थ्यांना हे दृश्य नक्की आठवेल! डेल आणि लेडलॉ या शास्त्रज्ञांनी 1910 साली हिस्टामिनचा हा गुण नोंदवला. स्नायूपेशीवरचा एच-1 रिसेप्टर हिस्टामिनला पकडतो, पेशीत कॅल्शियम वाढतं, स्नायू आवळतो. ॲलर्जीवरचं क्लोरफेनिरामिन आधीच नळीत घातलं, तर तोच थेंब फिका पडतो. आम्लपित्तावरचं फॅमोटिडिन मात्र इथं कामाचं नाही. ते जठरातल्या एच-2 रिसेप्टरला अडवतं.