छाप पाडणारा आणि छाप पडणारा
(खेड्यांतील रात्रीच्या वाचनवर्गापुढें एका शाळामास्तरानें केलेलें भाषण)



आज मी तुमच्यापुढें एका इंग्रजी शब्दावर बोलणार आहें. कोणी म्हणेल, "मास्तरांना दुसरें कांहीं सुचलें नाहीं काय? दिवसभर शेतांत राबून, ऐरणीवर घण घालून दमलेल्या माणसांनीं परक्या भाषेंतला शब्द घेऊन काय करावयाचें?" परंतु बांधवहो, शब्द परका असला तरी त्याचें दुखणें आपल्या घरचें आहे. म्हणून थोडा वेळ कान द्या. पटलें तर घ्या, नाहीं तर उठतांना येथेंच झटकून टाका.

आमच्या गांवच्या एका कुंभाराचा मुलगा तालुक्याच्या शाळेंत शिकतो. वर्षाअखेर त्याच्या प्रगतिपुस्तकावर वर्गशिक्षकांनीं एक इंग्रजी शब्द लिहून पाठविला : 'इम्प्रेशनेबल'. बापाला वाचतां येईना. शेजारीं एक थोडें इंग्रजी शिकलेले गृहस्थ होते. त्यांनीं चष्मा लावून सांगितलें, "अहो, म्हणजे दुसऱ्याला इम्प्रेस करणारा! तुमचा मुलगा सर्वांवर छाप पाडतो." झालें! बापानें आनंदानें आळींत गूळ वांटला. दुसरे दिवशीं दुसरा एक शहाणा भेटला. तो म्हणाला, "छे छे! हा शब्द वाईट. मुलगा बिघडतो आहे असें लिहिलें आहे." तेव्हां बापानें घरीं येऊन मुलाच्या पाठींत दोन धपाटे घातले. तिसरे दिवशीं तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गुर्जी, गूळबी वांटला, पोराला मारलंबी. आतां खरं काय त्ये सांगा."

मीं त्याला सांगितलें तेंच तुम्हांला सांगतों. लॅटिन म्हणून युरोपाची जुनी भाषा आहे. तिच्यांत 'इन्' म्हणजे आंत आणि 'प्रेमेरे' म्हणजे दाबणें. ह्या दोहोंपासून 'इम्प्रेशन' शब्द झाला. त्याचा अर्थ आंत दाबून उठविलेला ठसा. जो ठसा उठवितो तो 'इम्प्रेसिव्ह', म्हणजे छाप पाडणारा. ज्याच्यावर ठसा चटकन उठतो तो 'इम्प्रेशनेबल', म्हणजे छाप पडणारा. पहिला शिक्का, तर दुसरा लाख. दोन शब्द दिसावयास सारखे, पण एक मारणारा आणि एक मार घेणारा! शेजारच्या गृहस्थांनीं नेमका हाच घोटाळा केला.

हा शब्द बहुधा मुलांबद्दल व तरुणांबद्दल वापरतात. 'इम्प्रेशनेबल वय' म्हणजे आपण ज्याला कोंवळें वय म्हणतों तें. पुस्तकी मराठींत त्याला 'संस्कारक्षम' म्हणतात. मुलाबद्दल म्हटलें तर त्यांत निंदा नाहीं, सावधगिरीचा इशारा आहे. पण मिशा पिकलेल्या माणसाला तोच शब्द लावला तर त्याचा कमीपणा होतो.

ह्या शब्दाचे भाऊबंदही ओळखून ठेवावे. 'सजेस्टिबल' म्हणजे नुसती सूचना मिळतांच ती स्वतःच्याच मनांतून निघाली असें मानणारा. एखाद्या पोराला "तूं काळा कुत्रा पाहिलास ना?" असें चार वेळां विचारलें कीं तें पांचव्या वेळीं कुत्र्याचें शेपूटसुद्धां वर्णून सांगतें, म्हणून साक्षीपुराव्याच्या कामांत हा शब्द फार येतो. 'गलिबल' म्हणजे थापेला भुलणारा. जुन्या इंग्रजींत 'गल' म्हणजे फसविणें. 'ससेप्टिबल' म्हटलें म्हणजे कशाला, तें पुढें सांगावें लागतें : कोणी स्तुतीला वश, कोणी भीतीला वश. ह्या सर्वांहून वेगळा माणूस तो, जो कारण ऐकून मत बदलतो. त्याला कच्च्या मनाचा म्हणूं नये. तो विचारी होय.

आणि आपली मराठी कांहीं दरिद्री नाहीं. हलक्या कानाचा, भोळसट, दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पिणारा, वारा येईल तशी पाठ देणारा, इतके शब्द आपल्या बायाबापड्यांच्या तोंडीं आहेत. दुखणें ठाऊक असल्याशिवाय का त्याला इतकीं नांवें पडतात?

आतां ठशाचीच गोष्ट पुढें चालवूं. अंगठ्याच्या निशाणीला इंग्रजींत 'थंब इम्प्रेशन' म्हणतात. शब्द तोच! १८५८ सालीं बंगालमध्यें जंगीपूर येथें विल्यम हर्शेल ह्या गोऱ्या अंमलदारानें रस्त्यासाठीं खडी पुरविण्याचा करार केला. त्या कागदावर राज्यधर कोनाई ह्या मक्तेदाराच्या सबंध पंजाचा ठसा त्यानें घेतला. कां? तर पुढें ह्यानें सही नाकबूल करूं नये म्हणून. पुढें १८९७ सालीं कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. माणूस ओळखण्यास ठसा फार उत्तम, ह्यांत शंका नाहीं. पण ठसा इतकेंच सांगतो कीं बोट कोणाचें. त्यामागें मन कोणाचें होतें, हें ठसा सांगत नाहीं.

माझ्या आजोबांनीं एका सावकाराच्या कागदावर असाच अंगठा दिला. कागद वाचून दाखविला नव्हता. डोंगराकडेचा तुकडा त्या कागदापायीं गेला. मी लहानपणीं विचारीं, "आजोबा, तुम्हीं आधीं वाचावयास कां सांगितलें नाहीं?" ते म्हणत, "ओसरीवर आठ जण बसले होते. आठांनीं अंगठे दिले. मीच एकटा कसा म्हणूं, वाचा म्हणून?"

बांधवहो, माझे आजोबा अडाणी होते म्हणून असें झालें, असें समजूं नका. अमेरिकेंत सॉलोमन ॲश ह्या मानसशास्त्रज्ञानें कॉलेजांत शिकणाऱ्या तरुणांवर ह्याच गोष्टीचे प्रयोग केले व ते १९५१ पासून प्रसिद्ध केले. सातआठ जणांना ओळीनें बसवून एक रेघ दाखवावयाची, आणि दुसऱ्या तीन रेघांपैकीं तिच्याएवढी कोणती तें विचारावयाचें. एक सोडून बाकीचे सारे आधींच पढवून ठेवलेले. ते मुद्दाम खोटें उत्तर देत. डोळ्यांना धडधडीत दिसत असतां, त्या एकट्याच्या शंभर उत्तरांपैकीं सुमारें सदतीस उत्तरें इतरांच्या मागोमाग चुकलीं. एकटें बसवून विचारलें तर शंभरांत एकही चूक होत नसे. शिकलेल्यांची ही गत! पण दोन गोष्टी ध्यानांत ठेवा. चौघांत एक जण असा निघाला कीं जो एकदांही डगमगला नाहीं. आणि त्या घोळक्यांत दुसरा एकच माणूस खरें बोलला, तर चुका चौथाईवर येत. एकच माणूस! आजोबांच्या ओसरीवर एकानें जरी म्हटलें असतें, "आधीं वाचा," तर कदाचित् तो तुकडा आज आमचा असता.

कायद्यानेंही हें दुखणें ओळखलें आहे. १८७२ सालच्या करारांच्या कायद्याचें सोळावें कलम वाचून घ्या. ज्याचें दुसऱ्याच्या मनावर वर्चस्व आहे, त्यानें त्या वर्चस्वाचा उपयोग करून गैरवाजवी फायदा उपटला, तर त्याला अनुचित दडपण म्हटलें आहे. वयानें, आजारानें किंवा संकटानें ज्याचें मन खचलें आहे त्याचाही विचार त्यांत आहे. समजुतीसाठीं उदाहरणें दिलीं आहेत. त्यांत एक म्हाताऱ्या रोग्याचें व त्याच्या वैद्याचें, आणि एक खुद्द गांवच्या सावकाराचें. आधींच देणेकरी असलेल्या माणसाला सावकारानें उघड जाचक अटींवर नवें कर्ज दिलें, तर आपण दडपण आणलें नाहीं हें सावकारानें सिद्ध करावयाचें आहे. असा करार दबलेल्या पक्षाला रद्द करवून घेतां येतो. पण कायदा कोर्टांत धांवून येतो. अंगठा टेकतांना तो ओसरीवर नसतो. तेथें आपणच आपले राखणदार.

आतां कुंभारबाबाकडे परत येऊं. मीं त्याला म्हटलें, "दादा, तुमचा मुलगा ओल्या मातीसारखा आहे, असें लिहिलें आहे." तो हंसला. म्हणाला, "मग गुर्जी, त्यात वाईट काय? सुकल्या ढेकळाचं मडकं व्हतंय व्हय? पर लई पानी झालं तर मातीला आकार ऱ्हात न्हाई. आन् चाकावर हात कुनाचा, ह्येबी बगाया पायजे."

बांधवहो, मी ट्रेनिंग कॉलेजांत शिकलों, पण ह्याहून नेमकी व्याख्या मला कोणत्याही पुस्तकांत मिळाली नाहीं. छाप पडणें हा दोष नव्हे. छाप पडते म्हणूनच मूल शिकतें, कारागिराचा मुलगा बापाची हातोटी उचलतो. दोष हा कीं कोणाचीही, कशीही छाप पडूं देणें.

ह्यांत आम्हां मास्तरांचाही अपराध आहे, तो मी कबूल करतों. "समजलें का रे?" म्हणून आम्ही विचारतों, सारा वर्ग "हो" म्हणून ओरडतो आणि आम्ही खूष होतों. तोच वर्ग पुढें ओसरीवर जाऊन अंगठे देतो! म्हणून मीं आतां वर्गांत नियम केला आहे : जो "नाहीं समजलें" म्हणेल, त्याला आधीं शाबासकी.

तुम्हीही घरीं एवढें करा. पोरानें "कां?" विचारलें तर त्याचें तोंड दाबूं नका. "सगळे म्हणतात" असें कोणी सांगितलें तर त्या सगळ्यांचीं नांवें विचारा. बहुधा दोनच निघतील. कागद पुढें आला तर वाचून घ्या, आणि एक रात्र घरांत ठेवून बायकोला, लेकीला ऐकवा. आजची रात्र जो थांबूं देत नाहीं, त्याच्या घाईंतच त्याचा डाव असतो. आणि दहांच्या बैठकींत तुम्हांला खरें दिसत असेल तर तें बोला. तुमच्या शेजारीं एखादा बोलूं कीं नको म्हणून चुळबुळत असेल, त्याला तेवढाच आधार पुरतो.

त्या बापानें घरीं जाऊन मुलाला जवळ घेतलें, आणि पुस्तकावर सही केली. त्याला आपलें नांव लिहितां येतें; ह्याच वर्गांत तो शिकला. सही करण्यापूर्वीं त्यानें मला विचारलें, "गुर्जी, हितं वर काय लिवलंय, त्ये आधीं वाचा बगू."

मीं तें सबंध वाचून दाखविलें. तुम्हांलाही इतकेंच मागणें आहे.