गाळातील तेलाचा हिशेब



१६ मार्च १९७८ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ ‘अमोको कॅडिझ’ हे तेलवाहू जहाज खडकांवर आदळले. मालकी अमेरिकन तेल मक्तेदारांची, निशाण लायबेरियाचे! सुमारे २,२३,००० टन खनिज तेल समुद्रात गेले. उघडे खडक लाटांनी धुऊन काढले. परंतु खाड्यांच्या गाळात ते वर्षानुवर्षे टिकून राहिले, कारण प्राणवायूच्या अभावी तेथे जिवाणूंचे कार्य मंदावते.

हे तेल मोजतात कसे? नळीने गाळाचा उभा नमुना काढून प्रत्येक थरातील तेल द्रावकात उतरवतात व गॅस क्रोमॅटोग्राफने त्याचे घटक वेगळे करतात. सरळ साखळीची संयुगे जिवाणू आधी फस्त करतात. होपेन मात्र दीर्घकाळ टिकते. त्यांच्या गुणोत्तरावरून तेलाचे किती विघटन झाले हे उमगते. पण अपघातापूर्वीची नोंद वा तुलनेसाठी निर्मळ गाळाचा नमुना नसेल, तर जुने प्रदूषण कोणते आणि नवे कोणते, हा वाद जहाजमालकाच्याच पथ्यावर पडतो.

या अपघाताचे नुकसानभरपाईचे दावे अमेरिकन न्यायालयांत १९९२ पर्यंत रेंगाळले. तोवर मच्छीमाराने जगावे कशावर? म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी : किनाऱ्यावरील गाळाची मोजणी अपघाताची वाट न पाहता, सरकारी खर्चाने, नियमित व्हावी, आणि तिचे आकडे कष्टकरी जनतेला खुले असावेत.